तीन माणसांना विचारून ये

बोंदरे काकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते चहावाल्याशी हुज्जत घालताना. भिलाईत, स्मृति नगरच्या चौकात सकाळची गर्दी, आणि हा उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस हिंदीत "तीन चहा, एक बिनसाखरेचा" असं सांगून तिथंच उभा. म्हणे, आता तू काय ऐकलंस ते मला सांग. चहावाला वैतागला. म्हणाला, साहेब, चहा मागवलाय, तोफ नाही मागवली. काका जागचे हलले नाहीत. मागे सात-आठ माणसं खोळंबली होती, त्यात मीही होते, आणि नोकरीचा पहिला दिवस म्हणून माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. शेवटी त्यानं चडफडत "तीन चाय, एक फीकी" असं म्हणून दाखवलं तेव्हा कुठे स्वारी बाजूला झाली. मी मनात म्हटलं, कोण हा चक्रम, देव करो आणि याच्याशी आपला कधी संबंध न येवो. वीस मिनिटांनी जाहिरात एजन्सीचा जिना चढून वर गेले तर टेबलापलीकडे तोच चक्रम उभा होता.

उभा म्हणजे उभाच. बसलेले काका मला फार थोडे आठवतात. त्यांना खुर्ची होती, पण तिच्यावर फायली बसत. चहा हिंडत प्यायचा, फोन हिंडत घ्यायचा, डबा खिडकीच्या कठड्यावर ठेवून उभ्यानंच संपवायचा. "बसा हो काका, डोळ्यांपुढे नुसती ये-जा, आम्हालाच गरगरतं," असं मी किती वेळा म्हटलं असेल. "बसतो, बसतो," म्हणत आणि दारापर्यंत जाऊन परत येत. चपला त्यांच्या वर्षात तीनदा झिजायच्या.

वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, वायरलेसच्या सेटवर. पहाडातल्या लढाईत होते. लढाई संपली, इकडे छत्तीसगढ राज्य नवीन झालं, त्याच सुमाराला पेन्शन घेऊन ते भिलाईत आले. मूळ गाव वर्धेकडे. भाऊ रेल्वेत, दुर्गला. लोकांना वाटे भावाच्या सोबतीला आले असतील, पण भावाकडे ते फक्त पोळ्याला आणि दिवाळीला जात. लग्न केलं नव्हतं. एजन्सीच्या मालकांनी, गुप्ताजींनी, त्यांना ठेवलं ते होर्डिंगांची राखण करायला, कारण फ्लेक्स चोरून लोक कुलरवर झाकतात. फौजी माणूस, दरारा राहील, एवढाच हिशेब. पण सहा महिन्यांत असं झालं की एजन्सीचा एक शब्दही यांच्या सहीशिवाय छापायला जाईना. मजकुराच्या तळाशी निळ्या शाईत लिहायचे, "बोंदरे तपासलं." जाहिरात हिंदी असो, छत्तीसगढी असो, शेरा मराठीतच.

हे सगळं मी हलक्या हातानं सांगतेय, पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती लपवून गंमत करायची गोष्ट नाही. या माणसाची सगळी तगमग एका कारणानं होती. नंदिनी नगरात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला त्यांना काही सांगायचं होतं, आणि वर्षानुवर्षं ते तोंडातून निघत नव्हतं.

मला हे कळायला चार वर्षं लागली. त्याआधी मी त्यांच्याकडून भरपूर बोलणी खाल्ली. माझा दुसराच आठवडा असेल. एका नर्सरी शाळेचं हिंदी पत्रक होतं, "छोटी उम्र से ही उत्तम शिक्षा." सेक्टरमधल्या मराठी घरांसाठी ते मराठीतही हवं होतं. मी स्टील प्लांटच्या क्लार्कची मुलगी, घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. मराठीत मला पैकीच्या पैकी मिळायचे याची घमेंड वेगळी. दहा मिनिटांत लिहून दिलं, "आमच्या शाळेत कोवळ्या वयापासून मुलांना उत्तम शिक्षा." काकांनी वाचलं, पुन्हा वाचलं, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तीन माणसाईले विचारून ये. आपल्या लोकाईले."

मी फणकाऱ्यानं मराठी मंडळाच्या वाचनालयात गेले. पहिले एक रिटायर्ड फोरमन भेटले, नागपूरकडचे. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "कावून बाई, लयच मारते का पोराईले?" दुसऱ्या बाईंनी वाचलं आणि पदर तोंडात कोंबून हसत सुटल्या. तिसऱ्याला विचारायची गरजच राहिली नाही. शिक्षा म्हणजे आपल्याकडे काय होतं ते माझ्याही डोक्यात उजेड पाडून गेलं. मीही खूप हसले, आणि हसतच वर येऊन काकांना सगळा किस्सा रंगवून सांगितला. काका हसले नाहीत. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं यांना चक्कर येतेय.

"तुले हासू येऊन राहिलं?" ते म्हणाले. "शब्द आपल्या तोंडात एक असते, समोरच्याच्या कानात गेला का दुसराच होते. तोंडाकडून नको वाचू. कानाकडून वाचत जा."

एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं? मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि घरी आईला सांगितलं की हा म्हातारा माझ्या डोक्यावर बसणार आहे. आई म्हणाली, तो तर बसतच नाही म्हणतेस ना? मला तिचाही राग आला.

पण काकांची ती रीत होती आणि तिच्यापुढे कोणाचं चालत नसे. नवा फलक लागला की ते जाऊन त्याच्या तळाशी उभे राहायचे, भर उन्हात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांतून तीन अनोळखी माणसं पकडायचे. एक हिंदीवाला, एक आपल्यापैकी, एक छत्तीसगढी. वाचा म्हणायचे, आणि काय समजलं ते सांगा. लोकांना वाटे हा काही सर्व्हेवाला आहे, राशन कार्डाचं विचारेल. जामुलच्या बसस्टॉपवर एका चष्म्याच्या दुकानाचा मोठा फलक लावला होता. ओळ दुकानदारानं स्वतः रचलेली, "आपकी दृष्टि, हमारी चेष्टा." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. काकांनी बस पकडायला धावणाऱ्या एका मराठी बाईला थांबवलं, रेल्वे कॉलनीतली. तिनं वाचलं आणि भडकली. ज्याचे डोळे गेले त्याची थट्टा करते, अन् वरून पाटी लावून सांगते, मेल्याले लाज नाही, असं बरंच काही बोलली आणि तिची बस गेली. काकांनी त्याच दुपारी फलक उतरवायला लावला. दुकानदार संतापला, गुप्ताजी त्याहून संतापले. जामुलमध्ये मराठी माणसं आहेत तरी किती, त्यांनी विचारलं. काका म्हणाले, एक होती, तिनं वाचलं. आणि चालू लागले.

अशा माणसावर हसावं की चिडावं ते कळत नाही. आम्ही दोन्ही करत होतो. दर शनिवारी अकरा वाजले की काका "नंदिनीचं होर्डिंग पाहून येतो" म्हणून निघायचे. नंदिनी नगरात आमचं एकच होर्डिंग होतं, तेही गंजलेलं, सिमेंटच्या एका जुन्या जाहिरातीचं, आणि तिच्याकडे कोणी मान वर करूनही पाहत नव्हतं. ऑफिसात कुजबुज होती की तिकडे काकांचं काहीतरी आहे. मीही त्या कुजबुजीत चवीनं भाग घेतला होता, ते सांगून टाकते.

मग एका शनिवारी त्यांची स्कूटर बंद पडली. मलाही तिकडे एका क्लायंटकडे जायचं होतं, म्हणून ते माझ्या स्कूटीवर मागे बसले. चुनखडीच्या खाणीच्या कामगारांचे जुने क्वार्टर, पुढे शेवग्याचं झाड, आणि दारात हातभर गोदना गोंदवलेली एक म्हातारी. तिनं काकांच्या डोक्यावरून हात फिरवला, "आगेस बेटा?" आलास का, असं म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून तिसरी ताटली काढली. भिंतीवर वर्दीतल्या तरुणाचा फोटो, त्याला ताजा हार. लोकनाथ साहू. काकांच्या तुकडीतला, लढाईत गेलेला. ही त्याची आई, सगळी वस्ती तिला दाई म्हणायची, तिकडे आईला दाईच म्हणतात. सुनेनं नंतर दुसरं घर केलं, दाईनंच करून दिलं, आणि दाई एकटी राहिली. लोकनाथच्या सामानाची पेटी घेऊन फौजेतर्फे या घरी आले होते ते बोंदरे काका. तेव्हापासून येतच राहिले. दाईनं तांदळाचे गरम चीले वाढले, आपल्या धिरड्यांसारखे, वर टमाट्याची चटणी. मला माझ्या कुजबुजीची लाज वाटली. केवढा देवमाणूस, असं मनात आलं.

परतताना अर्ध्या रस्त्यात ते म्हणाले, थांबव. मी बाभळीच्या सावलीला स्कूटी लावली. ते उतरून रस्त्याच्या कडेनं वीस पावलं जात, वळत, परत येत होते. खाणीचे ट्रक धूळ उडवत जात होते आणि काका माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, हे कळत नव्हतं.

वरच्या चौकीत ते सेटवर होते. दुपारची वेळ, धुकं. त्यांची सात माणसं चौकीच्या पायथ्याच्या नाल्यात अडकून बसली होती, त्यांच्यात लोकनाथ, त्याच्याजवळ छोटा सेट. मागून, तोफखान्याकडून, विचारणा झाली की नाल्याची काय पोझिशन. काकांना सांगायचं होतं की आपली माणसं तिथं आहेत, नाल्यात, नीचे. सेट खरखरत होता, अर्धे शब्द पोचत होते, अर्धे नाही.

"मले नीचे म्हणाचं होतं," काका म्हणाले. "थंडीनं जबडा आखडला होता, दोन दिवसाची झोप नव्हती, अन् तोंडातून घरचा शब्द निघाला. खाली. नाला, खाली. माह्या आईनं शिकवलेला शब्द. तिकडच्याच्या कानात गेला तो त्याच्या आईनं शिकवलेला झाला."

हिंदीत खाली म्हणजे रिकामं. तिकडून उत्तर आलं, "ठीक, नाला खाली." मग नाल्यावर गोळे पडले. त्याच वेळी पलीकडून शत्रूचेही पडत होते. सातांपैकी सहा जण परत आले. लोकनाथ आला नाही. कागदावर लिहिलं गेलं, शत्रूची गोलाबारी, आणि काकांना कोणी काही विचारलं नाही.

"कोणाचा गोळा होता, मले आजही माहीत नाही. त्याहीचा असन. आपलाही असन. पेटी घेऊन आलो तेव्हाच तिले सांगाले पाहिजे होतं. तिनं आधी पाणी देल्लं, मग जेवाले बसवलं. अन् राहून गेलं."

मी चिडले. मला कशाला सांगितलंत, असं म्हटलं, आणि ते खरंच मनापासून म्हटलं. माझं वय सव्वीस, लग्न ठरत होतं, मला हे ओझं कशाला हवं होतं? काका म्हणाले, बरोबर आहे, चुकलं माझं. आणि मागे बसले. त्यानंतर मी तीन-चारदा दाईकडे गेले, पण तिचा चीला मी अर्धाच खायची, आणि ती म्हणायची, ही पोरगी चिमणीसारखी खाते.

प्रत्येक शनिवारी निघताना काका मला हळूच म्हणायचे, "आज सांगतो." परत आले की मी नुसतं पाहायची. आज तिला ताप होता. आज शेजारीण बसली होती. आज तिनं मुद्दाम बेसनाची ठेठरी तळली होती. एकदा म्हणाले, आज ती खूप हसत होती वो, कसं सांगू. मला त्यांचा भयंकर राग यायचा, आणि दुसऱ्या मिनिटाला मीच त्यांच्यासाठी चहा मागवायची. जितकं ते थांबत गेले तितकं कठीण होत गेलं, कारण दाईचा जीव दर वर्षी त्यांच्यात जास्तच गुंतत होता.

मधल्या काळात गुप्ताजींच्या डोक्यात आलं की घरात फौजी असताना बाहेरचा मॉडेल कशाला. एका सिक्युरिटी गार्डवाल्या क्लायंटसाठी काकांचा वर्दीतला, मेडलं लावलेला फोटो घ्यायचा आणि वर लिहायचं, "फौजी कभी चूकता नहीं." गुप्ताजींचा हेतू मानाचाच होता, ते स्वतः मिठाई घेऊन आले होते. काकांनी ती ओळ वाचली. कागदाचे चार तुकडे केले, मग आठ, आणि जिना उतरून गेले ते अकरा दिवस आले नाहीत. गुप्ताजी मला विचारत राहिले की यात वाईट वाटण्यासारखं काय होतं. मला माहीत होतं, आणि मी "काय की" म्हणून मान हलवली. बाराव्या दिवशी काका आले, खुर्चीवरच्या फायली उचलल्या, कामाला लागले.

वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली, फ्लेक्सचा धंदा मोबाईलनं अर्धा खाल्ला, तरी एजन्सी चालत होती. काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांना स्कूटर चालवायला बंदी झाली. शनिवार मात्र सुटला नाही, बसनं जायचे. आणि मग नंदिनी नगरातल्या लोकांनी ठरवलं की तिथल्या चौकाला लोकनाथचं नाव द्यायचं. वस्तीची समिती झाली, ग्रॅनाइटचा फलक करायचं ठरलं, आणि काम कोणाकडे येणार? आमच्याकडेच आलं. समितीवाले खुशीत होते. म्हणाले, बोंदरे साहेबांइतका हक्काचा माणूस कोण.

मजकूर त्यांनीच लिहून आणला होता. नाव, गाव, आणि पुढे, "शत्रु की गोलाबारी में वीरगति को प्राप्त." तळाशी काकांच्या सहीसाठी जागा. सही झाली की कोरायला जाणार, दहा दिवसांनी उद्घाटन.

काकांनी कागद घेतला आणि सही केली नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. समितीचे फोन यायला लागले. काका ऑफिसात इतके फिरत होते की शेवटी समोरच्या टेबलावरची मुलगी उठून दुसऱ्या खोलीत गेली. ते लिहायचे आणि खोडायचे. "युद्ध में." मग "गोलाबारी में," शत्रु काढून. मग "कर्तव्य करते हुए." प्रत्येक ओळ मला दाखवायचे आणि मी तोंड उघडायच्या आत फाडायचे. दगडावर कोरलेलं खोटं म्हटलं तर खोटं नव्हतं, कदाचित ते खरंही असेल, आणि त्या कदाचितवरच त्यांचा हात अडत होता. साऱ्या भिलाईचे शब्द तपासणाऱ्या माणसाला एक ओळ पास करता येईना.

पाचव्या दिवशी माझा तोल गेला. मी म्हटलं, "काका, एक तर सही करा, नाही तर तिला सांगा. दाई ऐंशीला आलीय. ती मेल्यावर कोणाला सांगणार, त्या दगडाला?"

बोलून गेले आणि जीभ चावली. काका एवढंच म्हणाले, "उद्या शनिवार आहे. तू नेशीन काय मले?"

थंडीचे दिवस होते. दाई दारातल्या उन्हात सुपात तांदूळ निवडत होती, आम्हाला पाहून आत आली. टीव्ही चालू होता. "बइठ ना बेटा," ती म्हणाली. काका बसले नाहीत. खिशातून समितीचा कागद काढला, तिला मोठ्यानं वाचून दाखवला, आणि त्यांच्या नेहमीच्या रीतीनं विचारलं की यातून तुला काय समजलं. दाईनं हात पुसले. साधं उत्तर दिलं, बैरी मन मारिन. शत्रूंनी मारलं.

"मले नाही माहीत, दाई," काका म्हणाले.

मराठीत म्हणाले. दाई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग ते हिंदीत बोलायला लागले, सावकाश, एक शब्द ठेवून मग दुसरा. नाला, सेट, तोफखान्याचा प्रश्न. आमच्या बोलीत खाली म्हणजे नीचे, दाई, आणि तुमच्यात रिकामं. मी तसं म्हणालो. त्यांनी तसं ऐकलं. मी माझ्या पायांकडे पाहत बसले होते. हे सगळं मला ठाऊक होतं आणि आता फक्त ते संपायची मी वाट पाहत होते. पण ते संपलं नाही. काका पुढे बोलत होते, आणि पुढचं त्यांनी मला कधीच सांगितलेलं नव्हतं. तिकडून "ठीक, नाला खाली" आलं, ते लोकनाथनंही त्याच्या सेटवर ऐकलं. आणि तो मध्ये बोलला. काकांनी त्याचा आवाज ऐकला, चांगला स्वच्छ. तो तोफखान्यापर्यंत पोचला नाही, काकांपर्यंत पोचला. काका सेटमध्ये नीचे, नीचे म्हणून ओरडत राहिले, पण तोवर सुरू झालं होतं.

एवढं बोलून ते थांबले.

दाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, भिंत धरून, तिनं जाऊन टीव्ही बंद केला. मग काकांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. ती त्यांच्या छातीएवढीच होती.

"का कहिस?" तिनं विचारलं. काय म्हणाला तो?

काकांनी डोळे मिटले. त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता, तरुण माणसाचा, घाईचा, आणि बोली तिच्या घरातली.

"नरवा खाली नइ हे. हमन इहाँ हन."

नाला रिकामा नाही. आम्ही इथे आहोत.

दाईनं मूठ वळून त्यांच्या छातीवर मारली. एकदाच, पण होती नव्हती ती सगळी ताकद लावून. मी उठायला गेले, काकांनी हातानंच मला बसवलं. मला वाटलं आता ती त्यांना घालवून देईल, त्या शब्दासाठी शाप देईल. त्या शब्दाबद्दल ती काहीच बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

"मोर बेटा के गोठ आय," ती म्हणाली. "तैं काबर अतेक बछर अपन करा राखे रेहे?"

माझ्या मुलाचं बोलणं आहे हे. इतकी वर्षं तू आपल्याजवळ का ठेवलंस?

मी तर काकांना फक्त एका शब्दाचा गुन्हेगार समजत आले होते. ते रडत होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा डोळा लाल झाला होता, आणि मला मूर्खासारखं वाटलं की डॉक्टरनं डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून सांगितलंय.

फलक लागला त्यावर नुसतं नाव आणि गाव आहे. बाकी काही लिहायचं नाही, असं दाईनं समितीला बजावलं, आणि समितीला ते आवडलं नाही. त्या मजकुराखाली सही मी केली. काकांनी पुढच्या महिन्यात नोकरी सोडली आणि नंदिनी नगरातच एक खोली घेतली. दाई त्यांना मुलासारखं वागवायची की शिक्षा देत होती, हे मला कधी कळलं नाही. बहुतेक दोन्ही असेल. दोन वर्षांनी काका गेले, झोपेत. मी प्रवासात होते, मला शेवटचं दर्शन मिळालं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. मला काका दिसतात ते त्या शनिवारचेच.

मी बाहेर निघाले होते. तिथं थांबणं मला बरं दिसेना, आणि सहनही होईना. चपला घालताना मागे वळून पाहिलं. काका जमिनीवर मांडी घालून बसले होते. दाई त्यांच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. तिचा डावा कान कामातून गेलेला होता, म्हणून तिनं मान वळवून उजवा कान त्यांच्या तोंडाजवळ आणला होता, आणि पदर कानामागे सारला होता.

"फेर बोल," ती म्हणाली.

काकांनी लोकनाथचं बोलणं पुन्हा सांगितलं.

तिनं कान आणखी पुढे केला.

"फेर बोल."